वळणावरचं खाकरणं

“मग चूक माझी कशी, चाचा?” निरंजननं तिसऱ्यांदा विचारलं.

जन्मभर ओढण्या रंगवून मुर्तुजाचाचांची बोटं नखांपर्यंत निळी झालेली. ती पंच्याला पुसून ते उठले.

“चल.”

निरंजन परका नव्हता. आठ वर्षं रंगरेज मोहल्ला पायांखाली घातलेला. दर रविवारी जुनं शहर बघायला आलेल्या पाहुण्यांचा घोळका आणायचा, हिरवे दरवाजे, गुलाबी कमानी दाखवायचा. घराघराची यादीही त्यानंच केली. कुठलं किती जुनं, कुठली भिंत फुगली, कुठली तुळई वाकली. मोहल्ला वाचवायला केली म्हणे! नगरपालिकेच्या कचेरीनं तीच यादी हातात धरली आणि दारादारावर ‘धोकादायक’ लिहिलं. बाया रडत भांडी उचलून गेल्या. उद्या सकाळी घरं पाडायला यंत्रं येणार.

आणि हा विचारतो, चूक माझी कशी.

मोहल्ल्यातलं पहिलं वळण आलं. चाचा थांबले, मोठ्यानं खाकरले, थोडं थांबून वळले.

दुसऱ्या वळणावर पुन्हा तेच.

“कफ झालाय का, चाचा?”

“नाही रे. बाया दारात बसलेल्या असतात. पुरुषमाणूस येतोय हे त्यांना कळायला नको? रीत आहे आमची.”

“पण इथं चिटपाखरू नाही आता...”

खरंच नव्हतं. गोणपाटाचे पडदे तेवढे दारांवर लोंबत होते.

“आठ वर्षं पाहुणे आणलेस. खाकरलास कधी?”

निरंजननं समोरच्या लोंबत्या पडद्याकडे पाहिलं.

घोळका वळला की म्हातारी सकीनाबी नातवाला न्हाऊ घालायचं टाकून, ओल्या हातानं डोक्यावर ओढणी ओढत आत पळायची. पाहुणे हसायचे. तोही हसायचा.

शेवटच्या वळणावर तो थांबला.

“शिक्षा सांगा, चाचा. यंत्रापुढं आडवा पडू?”

“पड. उचलून बाजूला ठेवतील.”

“मग काय करू?”

चाचांनी निळ्या बोटानं वळण दाखवलं.

निरंजन खाकरला. आवाज भिंतींवर आपटून तसाच परत आला. एकही पडदा हलला नाही. कुणी कुणाला ‘अंदर हो गे’ म्हटलं नाही.

त्यानं पाय उचलला.

चाचांनी दंड धरला.

“थांब. घरात कुणी नसलं, तरी पडदा सावरायला वेळ लागतो.”