भामाला सगळं दिसत होतं

एका गावात कासारांचं एक घर होतं. घरातले दोघे भाऊ आठवडे बाजार करत आणि त्यांच्या बायका ओसरीवर बसून गावातल्या लेकीसुनांना बांगड्या भरत. थोरली वत्सला, धाकटी भामा. दोघी जावांचं चांगलं जमत असे. पुढे एकाच महिन्यात घरात दोन पाळणे हलले. आधी भामाला मुलगी झाली, शेवंता. पंधरा दिवसांनी वत्सलाला मुलगा झाला, मुकुंद.

तिथून भामाचं मन बिघडू लागलं.

बांगड्या भरायला आलेल्या बाईच्या तोंडाकडे मुकुंद टक लावून बघे आणि खुदकन हसे. बाई विरघळून जाई. शेवंतालाही बायका हौसेनं उचलून घेत, पण ती त्यांच्या खांद्यावरून पलीकडे बघत राही. मग बायका तिला खाली ठेवत आणि मुकुंदला मागून घेत. भामा खाली मान घालून बांगड्या भरे. एकदा तिच्या हातून एकीच्या मनगटावर बांगडी फुटली.

नवव्या महिन्यात नाव घेतलं की मुकुंद मान वळवू लागला. शेवंताला हाका मारून भामाचा घसा कोरडा पडे, पोर वळत नसे. बहिरी म्हणावी, तर माजघरात बांगडी किणकिणली तरी ती कान टवकारी. वर्षाचा झाल्यावर मुकुंद कावळा दिसला की बोट दाखवी आणि आईनं पाहिलं का, ते वळून बघे. शेवंता बोट दाखवत नसे. काही हवं असलं की आईचं मनगट धरून त्या वस्तूपर्यंत ओढून नेई, आईच्या तोंडाकडे मात्र बघत नसे. एकच बांगडी ती फरशीवर तासभर गरगर फिरवी आणि कुणी ती थांबवली तर आकांत करी. 'आई' आणि 'माऊ' असे दोन शब्द ती बोलू लागली होती. दीड वर्षाची होईतो तेही गेले.

भामा हे सगळं बघत होती. पण तिची नजर आपल्या मुलीवर टिकत नसे; ती घसरून मुकुंदवर जाई. त्यानं नवा शब्द काढला की तिच्या पोटात दुखे. एकदा तो तापानं फणफणला, तर भामाला क्षणभर बरं वाटलं. मग स्वतःचीच लाज वाटली, तरी हेवा काही गेला नाही.

एका दुपारी ओसरी रिकामी असताना वत्सला तिच्याजवळ येऊन बसली.

"भामा, राग मानू नकोस. शेवंता हाकेला वळत नाही. बोलत होती तेही थांबलं. तालुक्याला लहान मुलांच्या डॉक्टरीणबाई आहेत, आपण दाखवून येऊ."

भामाला ते झोंबलं. "तुमचं बोलकं आहे अक्का, म्हणून माझं मुकं ठरवू नका. तुमचीच दृष्ट लागलीय तिला."

वत्सला उठून गेली. तिसऱ्या दिवशी भामानं वेगळी चूल मांडली. शेवंताच्या गळ्यात काळा दोरा बांधला, मीठमोहऱ्या ओवाळून टाकल्या. काही मुलांना वाचा उशिरा फुटते, असं कुणी म्हटलं की ती ते मनाशी घट्ट धरून ठेवी. असे सहा महिने गेले.

एके सकाळी ती अंगणात धुणं वाळत घालत होती. मुकुंद दुडदुडत आला आणि तिचा पदर ओढू लागला. "काकू, बघ," तो म्हणाला. दोरीच्या टोकाला एक बुलबुल बसला होता. मुकुंदनं बोट दाखवलं, मग काकूच्या डोळ्यांत पाहिलं, परत पाखराकडे पाहिलं. ती बघेपर्यंत त्यानं पदर सोडला नाही. त्याला झिडकारावं असं तिच्या मनात आलं. पण तिनं पाहिलं, आणि तो टाळ्या पिटून हसला.

भामाच्या हातातलं ओलं लुगडं तसंच राहिलं. दोन वर्षं झाली, शेवंतानं आपल्याला एकदाही काही दाखवलं नव्हतं. आधी तिला नेहमीसारखा हेवा वाटला. मग भीती वाटली. त्या भीतीत मुकुंद नव्हता, जाऊ नव्हती, एकटी शेवंता होती.

दुसऱ्या दिवशी ती शेवंताला आणि नवऱ्याला घेऊन तालुक्याला गेली. कधी काय दिसलं, असं डॉक्टरीणबाईंनी विचारलं. भामानं महिना न महिना सांगितला: हाक, बोट, फिरती बांगडी, गेलेले शब्द. बाई लिहिता लिहिता थांबल्या.

"इतकं दिसत होतं, तर आधी का आला नाहीत?"

"मी माझ्या मुलीला बघत नव्हते, बाई," भामा म्हणाली. "मी जावेच्या मुलाला बघत होते."

बाईंनी शेवंताचे कान तपासले, पुन्हा बोलावून तिचा खेळ पाहिला आणि मग सांगितलं की याला स्वमग्नता म्हणतात. ही दृष्ट नव्हे आणि आईचा दोषही नव्हे. शेवंता अशीच जन्मली आहे, अशीच राहील. पण शिकवायला आजपासून लागलं, तर ती पुष्कळ शिकेल.

भामा शिकवायला लागली. मुलीसमोर जमिनीवर बसायचं, तिच्याच खेळात शिरायचं, मधे थांबायचं आणि वाट बघायची. कितीतरी दिवस काहीच झालं नाही. सातव्या महिन्यात एकदा शेवंतानं पाण्याच्या तांब्याकडे बोट केलं आणि आईकडे पाहिलं. पापणी लवेपर्यंतच, पण पाहिलं.

भामा तशीच उठून वत्सलाच्या दारात गेली. म्हणाली, "अक्का, मी तुमच्या मुलाचं वाईट चिंतलं."

वत्सला म्हणाली, "मला ते कळत होतं. तू आणखी रुसशील म्हणून मी तुला दुसऱ्यांदा सांगितलं नाही. ते माझं चुकलं." आणि बाजूला सरून तिनं भामाला आत घेतलं.

तात्पर्य: दुसऱ्याच्या मुलाचा हेवा करण्यात आपल्या मुलाचे दिवस वाया जातात. मूल हाकेला वळत नसेल, काही दाखवत नसेल किंवा आलेले शब्द विसरत असेल, तर मनात कुढत न बसता लवकर जाणत्या डॉक्टरांना दाखवावं; आणि ज्याला ते आधी दिसलं, त्यानं रुसव्याला भिऊन गप्प राहू नये.