पाटीवर लिहिलेला दोर

खूप खूप वर्षांपूर्वी, आपल्या पणजोबांचे पणजोबाही जन्मले नव्हते तेव्हा, एका राज्यात एक अफाट बाजार होता. दुकाने इतकी, की हवी ती वस्तू शोधता शोधता नवख्या माणसाचा दिवस मावळे. म्हणून राजाने वेशीवर एक म्हातारा वाटाड्या बसवला. प्रत्येक दुकानदाराने आपल्या मालाची पाटी त्याच्याकडे द्यायची. गिऱ्हाईक आले, की म्हातारा विचारी, "काय हवंय?" मग ज्या पाटीवर तो शब्द असेल, त्या दुकानाची वाट तो दाखवी.

त्या बाजारात केरू नावाचा दोर वळणारा होता. तो आणि त्याची बायको सगुणा अंबाडीच्या वाखाचे सुबक दोर वळत. पण त्यांच्या दुकानाकडे कोणी फिरकत नसे.

एकदा केरूने वाटाड्याला विचारले, "बाबा, माझ्याकडं माणसं का पाठवत नाही?"

म्हातारा म्हणाला, "तुझ्या पाटीवर 'केरूचा माल' एवढंच आहे. तुझं नाव कोण विचारणार? लोक आपली नड सांगतात. कुणाला म्हैस बांधायची असते, कुणाला खाट विणायची असते. ते लिही."

केरूने लिहिले, गुरांचे दावे, खाटेची सुतळी, पाळण्याची दोरी. दुसऱ्या दिवसापासून त्याच्या दारात माणसे उभी राहू लागली.

मग लागोपाठ दोन वर्षे पाऊस पडला नाही. जो तो आपली विहीर खोल करू लागला. वेशीवर दिवसभर एकच मागणी असे, "विहिरीत उतरायचा दोर हवा."

केरू तसा दोर वळत नसे. त्याला तिहेरी पीळ लागतो, वळायला वेळ लागतो. तरी त्याने पाटीवर तेही लिहून टाकले.

सगुणा म्हणाली, "अहो, आपलं दावं गुराला आवरतं. माणसाला अधांतरी तोलणं वेगळं."

"शब्दच तर लिहिलाय," केरू म्हणाला. "गिऱ्हाईक दुकानापर्यंत तर येऊ दे. घेणारा ओढून बघेलच की."

कोणी ओढून बघितले नाही. वाटाड्याने पाठवले म्हणजे माल खराच असणार, असे लोकांना वाटे. केरूची दावी विहिरीचा दोर म्हणून भराभर खपली. ते पाहून नाडे विकणाऱ्याने, गजऱ्याचा दोरा विकणाऱ्याने, अगदी वाती विकणारीनेही पाटीवर 'विहिरीचा दोर' लिहिले.

एका सकाळी एक बाई धापा टाकत केरूच्या दुकानात आली. जवळच्याच वाडीवरच्या भिवाची ती बायको. भिवा विहिरी खणी.

"दोर तुटला, दादा! तुमच्याच दुकानातला. माझा माणूस खाली पडलाय, पाय मोडलाय. आणि विहिरीला पाणी लागलंय, ते चढतंय. आता तरी खरा दोर द्या!"

केरूकडे खरा दोर नव्हता. तो वेशीकडे धावला. "बाबा, विहिरीचा दोर कुणाकडं आहे?"

"चाळीस पाट्यांवर आहे. तुझी धरून."

"खरा कुणाकडं?"

"मला पाटी वाचता येते, केरू. इथं बसून दोराचा पीळ कळत नाही."

केरू दुकानामागून दुकान पालथे घालत सुटला. कुठे नाडे निघाले, कुठे गजऱ्याचा दोरा, कुठे वाती. शेवटी तो जिथे पोचला, तिथे नुसती रिकामी जागा होती. शेजारचा दुकानदार म्हणाला, "इथं सोमा बसायचा. पिढ्यानपिढ्या विहिरीचेच दोर वळणारा. पण इतक्या पाट्यांतून त्याच्यापर्यंत कुणी पोचेना. महिना झाला, गाव सोडून गेला."

केरू दुकानातली सगळी दावी घेऊन सगुणेसह विहिरीवर गेला. दावी उलगडून ती दोघे आणि भिवाची बायको काठावर तिहेरी पीळ घालू लागली.

"झालं का?" खालून भिवाने विचारले.

"होतंय रे. धीर धर."

"पाणी कमरेला आलंय."

केरूच्या तळव्यांची सालटी निघाली. पीळ पुढे सरकत होता, पण पाणी त्याहून लवकर चढत होते. भिवाने आणखी दोनदा विचारले. मग विचारले नाही.

दोर पुरा झाला तेव्हा ऊन उतरले होते. वाडीतल्या माणसांनी तो वर धरला. केरू स्वतः खाली उतरला आणि भिवाचा देह छातीशी धरून वर आला. दोघांचे ओझे दोराने सहज पेलले.

भिवाच्या बायकोने केरूला शिवी दिली नाही. तिने दोरावरून हात फिरवला आणि विचारले, "असा वळता येत होता, तर आधी का नाही वळलात?"



दुसऱ्या दिवशी केरूने पाटीवरचा तो शब्द पुसला. बाकीच्यांनी पुसला नाही. पुढे आणखी दोर तुटले, आणि लोकांनी वाटाड्याला विचारणेच सोडले. केरूने मग उरलेला सारा जन्म विहिरीचे खरे दोर वळले आणि पाटीवर तसे लिहिलेही. पण ते घ्यायला कोणी आले नाही, कारण पाटीवरच्या शब्दावर आता कोणाचाच विश्वास उरला नव्हता.

मुलांनो आणि मोठ्यांनो, वस्तूत नाही तो गुण तिच्या नावात घालू नये; खोट्या नावांच्या गर्दीत नडलेल्याला खरी वस्तू सापडत नाही.