एका मापाच्या वहाणा आणि दोन पंडित

"उद्या दुपारपर्यंत तुम्हा दोघांचं एकमत झालं नाही, तर वादाचं मूळच उपटतो. तात्यांच्या भटारखान्याला कुलूप!" राजा रणधवल गरजला.

वाद होता कैलासवासी तांबड्या तात्यांवरून. या तात्यांनी क्रांती करून रणधवलच्या आजोबांना हाकललं, जमिनी वाटल्या, गोरगरिबांसाठी भटारखाना उघडला. आणि समतेच्या भरात साऱ्या राज्याला एकाच मापाच्या वहाणाही घालायला लावल्या. पुढे तात्या गेले, क्रांती दमली, नातू रणधवल गादीवर आला. आता तात्यांनी राज्य तारलं की बुडवलं, यावर दरबारातले दोन पंडित एकवीस दिवस भांडत होते. धुंडिराजपंत म्हणत तारलं, हरबाशास्त्री म्हणत बुडवलं. ऐकून ऐकून राजाचं डोकं उठलं होतं.

भटारखान्यात रोज दोनशे माणसं जेवत. तिथे भाकऱ्या थापणारी तुळसा ही बातमी ऐकून हादरलीच. पिठाच्या हातांनी ती तशीच दरबारात आली.

"सरकार, उद्या कशाला? आत्ताच एकमत करून देते. फक्त दोन हुकूम सोडा."

"बोल."

"पंत म्हणतात तात्यांनी तारलं. मग त्यांनी आजपासून जन्मभर तात्यांच्याच वहाणा घालाव्यात. शास्त्रीबुवा म्हणतात बुडवलं. मग तात्यांनी त्यांच्या वडिलांना दिलेली आठ बिघे जमीन त्यांनी आजच सरकारजमा करावी."

"मंजूर!"

वहाणा आल्या. पंतांचे पाय परातीएवढे. कसेबसे कोंबून ते चार पावलं चालले आणि खांबाला मिठी मारून उभे राहिले.

"तसं पाहिलं तर," पंत कण्हत म्हणाले, "तात्यांचं थोडं चुकलंच."

शास्त्रीबुवांनी कपाळ पुसलं. "आणि थोडं बरोबरही होतं. जमिनीचं तर फारच बरोबर होतं."

"म्हणजे नक्की काय?" राजाने विचारलं.

"काही तारलं, काही बुडवलं," दोघे एका सुरात म्हणाले.

दरबार खदखदून हसला. राजा मात्र मिशीला पीळ देत तुळसाकडे वळला. "एकमत झालं खरं. पण माझ्या आजोबांच्या वैऱ्याने पेटवलेली चूल मी का जळत ठेवू?"

"सरकार, पोट भरलेली माणसं एकवीस दिवस वाद घालतात," तुळसा म्हणाली. "उपाशी माणसं वाद घालत नाहीत. ती थेट आजोबांना हाकलतात."

 राजा असा हसत सुटला की मुकुट घरंगळून मांडीत पडला. त्याच दिवशी तुळसाला सोन्याचं कडं मिळालं, आणि भटारखान्याला शंभर पोती ज्वारी.