वल्लीचे सतरा गुण

"शंभरात सतरा!" त्र्यंबकशास्त्री भर दरबारात ओरडले. "महाराज, अशा मुलीला राजविद्यालयात प्रवेश द्यायचा तरी कसा?"

राजा दुंदुभीसेनानं समोर उभ्या असलेल्या मुलीकडे पाहिलं. ती वल्ली. दूर दक्षिणेतल्या तिच्या गावात महापूर आला, तिच्या विणकर बापाचे माग वाहून गेले आणि सगळं घर या राज्यात येऊन राहिलं. वल्लीला वैद्यकी शिकायची होती. पण राजविद्यालयाचा नियम कडक! एकदा नापास झालं की दार कायमचं बंद. म्हणून ती राजाकडे दाद मागायला आली होती.

"सतराच गुण?" राजानं विचारलं.

"हो महाराज. बाकीचे सामानात बांधायचे राहिले!" वल्ली म्हणाली. "पण गावच्या गुरुजींनी मला दर वर्षी पहिला नंबर दिला होता."

"तिकडचा नंबर इकडे चालत नाही!" शास्त्रीबुवा म्हणाले. "मी हिला म्हटलं, पाटीवरचं उत्तर दाखव. तर हिनं बोट करून उत्तर दिशा दाखवली!"

दरबार खो खो हसला. वल्लीही हसली.

"पुढचं सांगा ना, शास्त्रीबुवा! हे म्हणाले, 'आता पाठ म्हणून दाखव.' तेव्हा मी इथं नवीन, तुमची भाषा बोलण्यापुरती नंतर बाजारात शिकले. मला 'पाठ' आणि 'दाखव' एवढंच कळलं. मी गर्रकन वळले आणि यांच्याकडे पाठ करून उभी राहिले. चांगली ताठ! तरी एक गुण दिला नाही."

राजालाही हसू आलं, पण त्यानं ते दाबलं. त्याचं डोकं सकाळपासून तापलं होतं.

"बोलायला धीट आहेस! मग ऐक. मी एक नावाजलेला हत्ती आणलाय. पण तो ठोंब्या माहुताचं काही ऐकत नाही. संध्याकाळच्या आत त्याला बसायला, उठायला आणि सलाम करायला शिकव. जमलं तर प्रवेश. नाहीतर पुन्हा विद्यालयाचं नाव काढायचं नाही!"

हत्ती वल्लीनं फक्त देवळाच्या दारात पाहिला होता, तोही आईच्या पदराआडून!

हत्तीखान्यात माहूत घसा फोडून ओरडत होता, "बस! अरे बस की लेका!" हत्ती नुसता टकामका बघत होता. ते बघणं वल्लीनं लगेच ओळखलं. परीक्षेत प्रत्येक प्रश्नाला आधी तीही अशीच बघत राहिली होती.

"माहूतदादा, हा आला कुठून?"

"दक्षिणेतून. तुझ्या बोलण्याचा हेल ऐकून वाटतं, तुमच्याच मुलखातून. जुना माहूत याला पोचवून परत गेला."

वल्ली दोन पावलं पुढे झाली आणि कापऱ्या आवाजात आपल्या बोलीत म्हणाली, "बस रे बाबा!"

हत्ती धपकन बसला. वल्ली इतकी दचकली, की तीही धपकन खाली बसली! मग कपडे झटकत तिनं त्याला उठवलं आणि राजाला बोलावणं धाडलं.

राजासमोर हत्ती बसला, उठला, सोंड उंचावून त्यानं सलाम केला. राजा बघतच राहिला.

"एवढ्यात शिकवलंस कसं?"

"मी काहीच शिकवलं नाही, महाराज. त्याला सगळं येतच होतं. फक्त हुकूम तुमच्या भाषेत सुटत होते. तो माझ्यापेक्षा शहाणा! कळलं नाही तेव्हा गप्प उभा राहिला. मी न कळताच उत्तरं देत सुटले आणि सतरावर आले!"

"ते ठीक," शास्त्रीबुवा मध्येच म्हणाले, "पण हिचा तो पहिला नंबर खरा कशावरून?"

वल्ली राजाकडे वळली. "महाराज, हत्ती घेताना तुम्ही त्याची परीक्षा घेतली होती?"

"छे! त्याचा जुना माहूत म्हणाला, हा आमच्याकडचा पहिल्या नंबरचा हत्ती. घेतला!"

"मग तिकडच्या माहुताचा शब्द खरा आणि तिकडच्या गुरुजींचा तेवढा खोटा?"

राजानं शास्त्रीबुवांकडे पाहिलं. शास्त्रीबुवांनी उपरणं सारखं केलं. आणि राजा असा गडगडून हसला, की त्याचा फेटा कानावर आला! त्यानं गळ्यातला मोत्यांचा कंठा काढून वल्लीच्या हातात ठेवला.

"शास्त्रीबुवा, उद्यापासून हिला वर्गात बसवा. आधी आपली भाषा नीट शिकवा, मग घ्या काय ती परीक्षा!"