बहिरं बटण

हेमांगीला वाटलं होतं, आक्का पेटी उघडतील, आतल्या वायरी बघतील, चुकलेल्या जागेवर बोट ठेवतील.

आक्कांनी पेटी मांडीवर घेतली, पदरानं पुसली आणि विचारलं, "जेवलीस?"

"जेवण राहू दे हो आक्का. दौलूमामांनी ही का नाकारली, तेवढं सांगा."

आक्का गडहिंग्लजच्या. ऑर्केस्ट्रात उभी हयात ऑर्गन वाजवून झाल्यावर, गुडघे धरले तशा त्या अशा पेट्या बनवू लागल्या. लाकडी खोकं, वर पट्ट्या आणि गोल बटणं. खोकं स्वतः वाजत नाही. आवाज लॅपटॉपमधून येतो, खोकं त्याला हाताची हालचाल सांगतं. हेमांगी ही विद्या जर्मनीत शिकली होती आणि गावासाठी काहीतरी करायचं म्हणून परत आली होती.

दौलूमामा गावच्या बेंजो पार्टीचे. बोटांचे सांधे सुजलेले, बेंजोची बटणं नीट दाबवत नव्हती. त्यांच्यासाठी हेमांगीनं अख्खा हिवाळा खपून ही पेटी केली होती. मऊ पट्ट्या, मुठीत मावतील अशी बटणं.

काल तालमीत मामांनी आवाजाचं बटण जरासं फिरवलं. आवाजानं अशी उडी घेतली, की मामांचा हात चटका बसावा तसा मागं आला.

"नको बाई," मामा म्हणाले आणि त्यांनी जुना बेंजो पुन्हा मांडीवर ओढला.

"बर्लिनहून नोकरीचं बोलावणं आलंय," हेमांगी म्हणाली. "उद्या सकाळी कळवायचंय. मामाच वाजवणार नसतील, तर मी इथं राहून कुणासाठी पेट्या करू?"

आक्कांनी स्वतःची जुनी पेटी लॅपटॉपला जोडली. एक सूर गुणगुणू लागला.

"वाढव."

हेमांगीनं बटण फिरवलं. काही नाही. आणखी फिरवलं...

"बिघडलंय हे. वायर सुटली असणार. स्क्रूड्रायव्हर कुठाय?"

"बस गं खाली. फिरव. सावकाश."

ती फिरवत राहिली. बटण निम्म्यावर आलं आणि सूर अलगद तिच्या बोटांत आला. उडी नाही, धक्का नाही. हात जाईल तसा वाढू लागला.

हेमांगी फुरंगटली. "हे येतं मला! बटण एका जागी असतं, लॅपटॉपमधला आवाज दुसऱ्याच पातळीवर. बटण आवाजापाशी पोचेपर्यंत गप्प राहतं, म्हणून उडी बसत नाही. मी ते गप्प राहणं मुद्दाम काढून टाकलं होतं."

"का?"

"बटण बहिरं वाटतं. हात लावला की लगेच काहीतरी व्हायला पाहिजे."

"कुणाला? दौलूला?"

हेमांगीनं बटण उगाच मागं-पुढं फिरवलं.

"सांग की."

"मला," हेमांगी म्हणाली.

आक्का खो खो हसल्या. हसता हसता त्यांना ठसका लागला. हेमांगीनं पाणी दिलं आणि तीही हसली.

"काल तालमीला किती वेळ बसलीस?"

"बसते कुठली! पेटी जोडत होते."

"आणि त्याच्या आधी?"

"त्याच्या आधी... पेटी बनवत होते."

आक्कांनी चुलीवर तवा ठेवला. भाकऱ्या होईस्तोवर हेमांगीनं लॅपटॉपवर दुरुस्ती केली. तिचं बटणही आता मुकाट्यानं आवाजाची वाट पाहू लागलं.

"झालं!" ती ओरडली.

"पेटीचं झालं," आक्का म्हणाल्या. "ये, जेव."

सकाळी हेमांगीनं बर्लिनला येत नसल्याचं कळवून टाकलं. मग पिशवी खांद्याला लावली आणि पेटी मात्र उचलून आक्कांच्या फळीवर ठेवली.

"रिकाम्या हातानं निघालीस?"

"तालमीला जाते. मामा वाजवतील ते ऐकत बसते."

"किती दिवस?"

"ते नाही सांगता येत, आक्का." ती उंबऱ्यात थबकली. "पेटी इथंच राहिली तर चालेल ना?"

आक्कांनी पेटीवर हात ठेवला.

"राहू दे. तिला आता थांबता येतं."