एका वाटीत एक

"मग वाढत का नाही तो?" मुकादम सरांनी विचारलं.

शाल्मलीनं नवी प्लेट त्यांच्यापुढे ठेवली. खाडीकाठच्या त्या प्रयोगशाळेत सरांच्या हाताखाली शिकणाऱ्यांत तीच सगळ्यांत हुशार, आणि ते तिला चांगलं ठाऊक होतं.

मच्छीमारांच्या जुन्या धक्क्याखालच्या गाळात तिला एक जंतू सापडला होता, सांडलेलं डिझेल खाणारा. आता धक्का पाडून वर भराव घातलेला. तो गाळ काही पुन्हा मिळायचा नव्हता. जंतू जगला नाही तर गेलाच म्हणायचा.

गाळाच्या पाण्याला रंग देऊन तिनं ते यंत्रात सोडलं होतं. आत धार केसासारखी बारीक होते, जंतू एकामागे एक उजेडापुढून जातात. हवा तो चमकला की यंत्र त्याचा तेवढा थेंब बाजूला घेतं. आपण तांदळातले खडे वेचतो ना, त्याच्या उलट. इथं दाणा वेचायचा, बाकी सगळं टाकून द्यायचं.

असा एकेक जंतू तिनं प्लेटवरच्या एकेका इवल्या वाटीत ठेवला. खायला डिझेल, ऊब बेताची, वर झाकण. दुसऱ्या कुणाचा वारा लागू दिला नाही. तो वाढला असता तर वाटीतलं पाणी गढुळलं असतं. आधीच्या प्लेटी नितळच राहिल्या. ही शेवटची, आत्ताच भरलेली.

"किती स्वच्छ ठेवलंस," सर म्हणाले.

ती खुलली. एका तरी वाटीत दुसरा जंतू दाखवा सर, म्हणाली, मी शिकणं सोडते.

सरांनी यंत्राखालची बाटली उचलली. यंत्रानं टाकून दिलेलं पाणी होतं त्यात, गाळातल्या बाकीच्या सगळ्या जंतूंचं. जंतुनाशक घालून ओतून टाकायचं अजून राहिलं होतं.

त्यांनी ड्रॉपर भरला. प्लेटचं झाकण काढलं.

शाल्मलीनं हात आडवा धरला.

"सर, त्यात काय काय असेल... सगळी घाण जाईल आत."

ड्रॉपरच्या टोकाला थेंब लोंबत राहिला.

"धक्क्याखाली हा कुणाबरोबर राहायचा गं?"



तिनं आठवून पाहिलं. चमकला तेवढाच तिनं पाहिला होता.

हळूच तिनं हात मागे घेतला. थेंब पडला. ती वाकून वाटीत बघायला लागली, जणू आत्ताच काही दिसणार होतं.

"पण सर... एवढ्या गर्दीत आपला कोणता, हे कसं कळायचं?"

सरांनी पुढच्या वाटीवर ड्रॉपर धरला.

"आधी हरवू तर दे त्याला."