उंडीखाली पातं नेत नाहीत

आमच्या बेटावरची झाडं-पाखरं बघायला एवढं पाणी ओलांडून आलात, बरं केलंत. पण ताई, पिशवीतला तो चाकू आधी होडीत ठेवून या. या उंडीच्या झाडाखाली आम्ही पातं नेत नाही. शेंड्यावर काटक्यांचं घरटं दिसतंय ना? ते काकणाचं. तुम्ही त्याला समुद्रगरुड म्हणता.

फार पूर्वी म्हणे इथे अशीच एक उंच उंडी होती. मासे धरून परतणारे तांडेल दुरून तिचा शेंडा हेरायचे आणि त्याच्या रोखानं होडी आणायचे. एका वर्षी पोसू तांडेलाची डोलकाठी वादळात मोडली. उंडीचं लाकूड चिवट आणि सरळ. त्यानं कुऱ्हाड उचलली. बायको, चांगुणा, आडवी आली.

"वर काकणाचं पिल्लू आहे. आणि उद्या घर कशावरून ओळखाल?"

पोसू हसला. "तीस वर्षं समुद्र हिंडतोय. स्वतःच्या चुलीची वाट चुकेन होय गं?"

झाड पडलं. मादी उडाली नाही म्हणे. पिल्लावर पंख पसरून तशीच खाली आली. नर मात्र, जिथे शेंडा होता त्या रिकाम्या आभाळात फिरत राहिला.

नवी डोलकाठी उभारून पोसू खलाशांसह मासेमारीला गेला. परतताना हवा धुरकट. चांगुणा किनाऱ्यावरून बघते तर होडी बेटाला बगल देऊन पुढेच निघालेली! नवरा दारासमोरून जातोय आणि त्याला दार दिसत नाही. तिनं हाका मारल्या, घसा फाटेस्तोवर. मग धावत जाऊन त्या तोडलेल्या बुंध्यावर चढली, दोन्ही हात वर केले. "तुम्ही परत येईपर्यंत मी इथून उतरणार नाही."

तिसऱ्या दिवशी, होडीतलं पिण्याचं पाणी संपल्यावर, खलाशी ओरडले, "खूण दिसली! वर काकण पण बसलाय!"

पोसूनं मान वर केली. खूण तर त्याच्या डोक्यावर डोलकाठी होऊन उभी होती.

होडी टेकताच तो धावला. बुंध्यावर दोन फांद्यांचं झाड. सालीतून चांगुणेच्या लुगड्याचा हिरवा पदर बाहेर आलेला, निम्मा आत. ओढला, तो निघेना. त्यानं कुऱ्हाड समुद्रात फेकली आणि झाडापाशी बसला तो बसलाच, असं सांगतात.

मोजा हवं तर, आजही या झाडाला फांद्या दोनच. आणि आजही परतणारा तांडेल शेंडा दिसला की "खूण दिसली" म्हणत नाही. तो हळूच म्हणतो, "उभी आहे."